आत लाकूड, बाहेर ॲल्युमिनियम: तीन पुरवठादारांतून एक निवडायचाय, मदत हवी

नवी_ओसरी

घराचं बांधकाम लिंटेलपर्यंत आलंय आणि ठेकेदार रोज एकच प्रश्न विचारतोय, खिडक्यांचं काय ठरलं? ठरलंय एवढंच की आतून लाकूड आणि बाहेरून ॲल्युमिनियमचं आवरण असलेल्या खिडक्या हव्यात. लाकडाचा हट्ट माझा. दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून पॉलिश करत बसणार नाही हा हट्ट नवऱ्याचा. भांडण मिटवणारी वस्तू म्हणून हीच सापडली.

एकूण १९ खिडक्या. त्यांतल्या तीन इतक्या मोठ्या की दारंच म्हणा. तीन कोटेशनं आलीत, नावं देत नाही.

अ म्हणजे मोठा कारखाना, चकाचक शोरूम, तिहेरी काच. खिडक्या तयार होऊन येणार, पण बसवणं त्यांच्याकडे नाही, 'तुमचा माणूस बघा' म्हणतात. मुदत १६ आठवडे. ब हे मध्यम आकाराचं वर्कशॉप आहे. लाकूडकाम स्वतःचं, ॲल्युमिनियम प्रोफाइल (तयार पट्ट्या) बाहेरून आणतात, दुहेरी काच, बसवायला त्यांचीच माणसं, मुदत १२ आठवडे. क सगळ्यांत स्वस्त, अ च्या दोन-तृतीयांशात काम करून देतो म्हणतो, तेही पाच आठवड्यांत. माणूस गोड बोलतो, फोन पहिल्या रिंगला उचलतो.

यू-व्हॅल्यू (खिडकीतून उष्णता किती झिरपते त्याचा आकडा, जितका कमी तितका बरा) अ ने १.० दिलीय, ब ने १.४ आणि क ने १.१. म्हणजे कागदावर क जवळजवळ अ च्या तोडीचा आणि सगळ्यांत स्वस्तही. इथेच पाल चुकचुकली, म्हणून धागा काढला.

साधी_खिडकी

माझं आयडीनाव बघून मत ओळखालच. सरळ ॲल्युमिनियमच्या खिडक्या घ्या आणि झोपा निवांत. दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र बांधायच्या, मग त्यांचं पटत नाही म्हणून धागे काढायचे. लग्नाला पर्याय नसतो, खिडकीला असतो.

नवी_ओसरी

हाहा. पण निर्णय झालाय. सकाळी उठल्यावर हाताला गार धातू लागू नये एवढीच अपेक्षा आहे.

रंधा

ओसरीताई, यू-व्हॅल्यू नंतर बघा. आधी तिघांनाही एकच प्रश्न विचारा: काचेचं वजन कोण पेलतंय, लाकूड की ॲल्युमिनियम?

'लाकूड-ॲल्युमिनियम' या एका नावाखाली बाजारात निदान तीन वेगळ्या चिजा विकल्या जातात. पहिली खरी लाकडी खिडकी. चौकट, झडप, सांधे सगळं लाकडाचं, बिजागरी लाकडात बसलेली, आणि बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियमचा रेनकोट. दुसऱ्या प्रकारात आत लाकूड, मध्ये उष्णतारोधक फोम, बाहेर ॲल्युमिनियम असा थर असतो. हाही चांगला प्रकार आहे, फक्त मधला थर काय आणि कसा धरलाय ते बघावं लागतं. तिसरी म्हणजे मुळात ॲल्युमिनियमची खिडकी, आतून लाकडाची पट्टी लावलेली. ती वाईट नसते, पण तिला लाकडी खिडकी म्हणणं म्हणजे भिंतीला लाकडी पॅनेल लावून घराला लाकडी घर म्हणण्यासारखं आहे. पाच आठवड्यांची मुदत ऐकून मला तिसरीचा वास येतोय. तोंडी काही ऐकू नका, कोपऱ्याचा कापलेला नमुना मागा. छेद दिसला की कळतंच.

पहिल्या प्रकारातही रेनकोट अंगाला कसा लावलाय ते बघा. ॲल्युमिनियम लाकडाला थेट स्क्रूने आवळलेलं असेल तर तिथूनच परत फिरा. दोघांमध्ये काही मिलिमीटरची फट हवी, हवा खेळती हवी, आणि धरायला सरकत्या क्लिपा हव्यात, बहुतेक नायलॉनच्या असतात. फट नसेल तर आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि लाकूड आतून कुजतं. बाहेरून झकास दिसत राहतं, कळतं तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर आरपार जातो.

तीनतेरा

रंधाकाकांच्या क्लिपांना आकड्यांचा आधार देतो. ॲल्युमिनियम एका अंश तापमानवाढीला मीटरमागे साधारण ०.०२३ मिमी वाढतं. लाकूड रेषेच्या दिशेने त्याच्या पाचवा-सहावा हिस्सा. ताईंची मोठी खिडकी २.४ मीटर उंच धरू. पहाटेचा गारठा आणि दुपारच्या उन्हात तापलेली पट्टी यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो. ॲल्युमिनियम वाढलं २.८ मिमीच्या आसपास, लाकूड जेमतेम अर्धा मिमी. उरलेले दोन-सव्वादोन मिलिमीटर कुठे तरी जाणारच. क्लिप सरकली तर ठीक, नाहीतर कोपरा उघडतो किंवा पट्टी कुरकुरते. ऊन डोक्यावर आलं की 'टक्' असा आवाज येतो तो हाच.

आडव्या दिशेने उलटा खेळ. तिथे लाकूड दमटपणाने फुगतं-आकसतं, ॲल्युमिनियमला दमटपणाचं सोयरसुतक नाही.

आगाऊ_कार्टं

मी असाच कोपऱ्याचा नमुना आणून रात्रभर बादलीत बुडवून ठेवला होता. सकाळी फुगला. दुकानदाराला नेऊन दाखवला तर तो रडकुंडीला आला.

रंधा

अरे बाळा, खिडकी म्हणजे होडी नव्हे. नमुन्याची कापलेली टोकं उघडी असतात, तिथून कुठलंही लाकूड पाणी पितं. बादलीत काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा नमुना हातात घेऊन ॲल्युमिनियमची पट्टी लांबीच्या दिशेने अंगठ्याने रेटायची. किंचित सरकली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

तीनतेरा

आता क च्या १.१ कडे येऊ. मला वाटतं तो काचेच्या मध्यभागाचा आकडा आहे, अख्ख्या खिडकीचा नाही. कोटेशनमध्ये यू-जी लिहिलंय की यू-डब्ल्यू? जी म्हणजे ग्लास, डब्ल्यू म्हणजे विंडो. हा फरक लपवणं हा या धंद्यातला सगळ्यांत जुना खेळ आहे.

अख्ख्या खिडकीचा आकडा काढायचं सूत्र आयएसओ १००७७ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलंय आणि ते सातवीतल्या गणितापेक्षा अवघड नाही. काचेचं क्षेत्रफळ गुणिले काचेचा आकडा, अधिक चौकटीचं क्षेत्रफळ गुणिले चौकटीचा आकडा, अधिक काचेच्या कडेची लांबी गुणिले कडेचा आकडा, आणि सगळ्याला एकूण क्षेत्रफळाने भागायचं. तुलनेसाठी १.२३ बाय १.४८ मीटरची खिडकी धरायची पद्धत आहे.

चौकट सगळीकडून ११ सेंमी धरली तर काच १.२७ चौरस मीटर, चौकट ०.५५ आणि काचेची कड ४.५४ मीटर येते. काच १.१, लाकडी चौकट १.४, कडेला ॲल्युमिनियमचा स्पेसर (दोन काचांमधलं अंतर राखणारी पट्टी) म्हणून ०.०८. उत्तर १.३९. म्हणजे ब चा १.४ हा प्रामाणिकपणे काढलेला अख्ख्या खिडकीचा आकडा आहे आणि त्याची काच क च्याच जातीची आहे!

क ची चौकट मुळात ॲल्युमिनियमची निघाली तर? थर्मल ब्रेक (धातूच्या मध्ये घातलेला उष्णतारोधक तुकडा) असूनही चौकटीचा आकडा २.५ धरा, कडेचा ०.११. उत्तर येतं १.८. तोच १.१ वाला माणूस.

नवी_ओसरी

बघितलं. क च्या कोटेशनमध्ये नुसतं 'यू = १.१' आहे. पुढे काही नाही. ब च्या कागदावर यू-डब्ल्यू लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात मापही. अ ने तर प्रत्येक खिडकीचा वेगळा आकडा दिलाय, छोट्या खिडक्यांचा जास्त आहे. मला वाटलं होतं टायपिंगची चूक असेल.

तीनतेरा

चूक नाही, उलट तेच बरोबर. छोट्या खिडकीत काचेच्या मानाने चौकट आणि कड जास्त, त्यामुळे आकडा बदलतो. अ ची तयारी चांगली दिसते.

पण एक पुरवणी. उन्हाचा त्रास जास्त असेल तर यू-व्हॅल्यूइतकीच जी-व्हॅल्यू महत्त्वाची. काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा आत येतो ते ती सांगते. साध्या दुहेरी काचेला पाऊण हिस्सा आत येतो, ऊन रोखणारा थर असलेल्या काचेला तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरतो. पश्चिमेच्या खिडक्यांना एक काच, बाकीच्यांना दुसरी असं करता येतं. तिघांनाही दिशा सांगितल्यात का?

नवी_ओसरी

नाही. कुणी विचारल्याही नाहीत. थांबा, ब ने नकाशा मागून घेतला होता, त्यावर उत्तर दिशा होती.

खारा_वारा

समुद्राजवळ राहणाऱ्याचे चार शब्द. रेनकोटच्या रंगाला गृहीत धरू नका. पावडर कोटिंग फक्त वरून सुंदर दिसून उपयोग नाही, त्याच्याखाली धातू किती साफ केला आणि कुठली पूर्वप्रक्रिया केली यावर सगळं अवलंबून असतं. क्वालिकोट नावाचं प्रमाणपत्र आहे, त्यात किनाऱ्यासाठी 'सीसाइड' नावाचा वेगळा दर्जा आहे. त्यात रंगाआधी धातूचा वरचा थर जास्त खोल खरवडून काढतात, चौरस मीटरला किमान २ ग्रॅम. ही अट नसलेल्या आमच्या पहिल्या खिडक्यांवर चौथ्या वर्षी रंगाखाली केसासारख्या नागमोडी रेषा पसरायला लागल्या. सुरुवात कुठून, तर कापलेल्या कडांपासून आणि रंगानंतर पाडलेल्या भोकांपासून. म्हणून विचारा, आधी कापता-भोकं पाडता आणि मग रंगवता, की रंगवलेल्या लांब पट्ट्या आणून कापता? कोपरा वेल्डिंग करून मग रंगवलेला असेल तर सांधा दिसतही नाही. पट्ट्या कापून जोडल्या असतील तर बारीक रेघ दिसते. तीही चालते, पण पाणी कुठे जातं ते विचारून घ्या.

समुद्र लांब असेल तर एवढं ताणू नका.

साधी_खिडकी

म्हणजे लाकडाचे चोचले, ॲल्युमिनियमचे चोचले, आणि दोघांच्या मधल्या फटीचे चोचले. मी नुसता वाचतोय हां.

गुण्या

मी खिडक्या बसवतो. वरची सगळी चर्चा बरोबर आहे, पण मी बघितलेल्या गळक्या खिडक्यांत खिडकी स्वतः गळणारी क्वचित असते. पाणी येतं ते खिडकी आणि भिंत यांच्या मधून. तेव्हा मला विचाराल तर पहिला प्रश्न हा की माप (रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी) कोण घेणार आणि ती फट कोणाच्या नावावर?

अ नुसता माल देणार. तुमचा माणूस बसवणार. पहिल्या वळवाला खालच्या कोपऱ्यातून पाणी आलं की अ म्हणेल बसवण्यात चूक, बसवणारा म्हणेल खिडकीच गुण्यात (काटकोनात) नाही. तुम्ही मधे, हातात पोछा.

फट सगळीकडून साधारण १० ते १५ मिमी लागते. ती नुसत्या फोमने भरून वरून सिलिकॉन मारलं की काम झालं असं समजणारे खूप आहेत. फोम उष्णता अडवतो, पाणी नाही. आतल्या बाजूला हवाबंद टेप, बाहेर पाऊस अडवेल पण आतली वाफ बाहेर सोडेल अशी टेप, आणि खिडकीच्या तळाशी पाण्याला बाहेर उतरायला ढाळ आणि पत्रा, एवढं कोटेशनमध्ये शब्दांत लिहून मागा. 'फिटिंगसह' या एका शब्दात काहीही मावतं.

दुसरं म्हणजे वेळ. लाकडी खिडक्या गिलाव्याआधी बसवल्यात तर गिलावा आणि जमिनीचा कोबा सुकताना घरात जी वाफ कोंडते ती सगळी लाकूड पिणार. लाकूड फुगतं, लॅकर फोडासारखं वर येतं, झडप घासायला लागते. मग सगळे सुताराला शिव्या देतात. एकतर आधी उपचौकट (भिंतीत बसवायची कच्ची चौकट) बसवून घ्या आणि ओली कामं संपल्यावर खिडक्या आणा, नाहीतर रोज दोन्ही वेळा घर उघडं ठेवून हवा खेळवायची जबाबदारी कोणावर तरी टाका. आणि सिमेंटचं पाणी ॲल्युमिनियमवर उडालं तर तिथल्या तिथे पुसायचं. दुसऱ्या दिवशी डाग निघत नाही, सिमेंट धातूला खातं.

रंधा

गुण्याशी शंभर टक्के सहमत. माल उतरताना लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते लावा. ११ ते १५ टक्क्यांच्या मधे असावा.

लाकूड कुठलं घेताय?

नवी_ओसरी

ब कडे पाइन, मेरांटी आणि ओक असे पर्याय आहेत. माझं मन ओकवर. अ फक्त पाइन देतो. क ने 'उत्तम प्रतीचं लाकूड' असं लिहिलंय.

रंधा

'उत्तम प्रतीचं लाकूड' नावाचं झाड मी आजवर बघितलेलं नाही.

ओक देखणा, मजबूत, वादच नाही. पण त्यात टॅनिन भरपूर असतं. ओलावा आणि साधं लोखंड एकत्र आलं की काळेनिळे डाग पडतात, आणि त्याच्या आम्लाने बिजागऱ्या-खिट्ट्यांचा मुलामाही खाल्ला जातो. ओक घ्यायचाच तर आतलं हार्डवेअर आणि स्क्रू स्टेनलेसचे किंवा त्या लाकडासाठी वेगळा लेप दिलेले हवेत. ते कोटेशनमध्ये आहे का बघा.

कुठलंही लाकूड घ्या, अखंड एका ओंडक्यातून काढलेली चौकट मागू नका. लोकांना वाटतं अखंड म्हणजे भारी. खिडकीसाठी तीन थर एकमेकांना चिकटवलेला ठोकळा चांगला, कारण एक थर पीळ खायला लागला तर शेजारचे त्याला धरून ठेवतात. डिंक पाण्याला टिकणारा हवा, त्याच्या कागदावर डी-४ असं असतं. बोटांत बोटं अडकवल्यासारखे फिंगर जॉइंट आतल्या थरात खुशाल असोत, फक्त तुमच्या डोळ्यांसमोरच्या थरात ते नको असतील तर आधीच सांगा. नंतर सांगितलं तर कारागीर हसतो.

कडी_कोयंडा

ॲडव्हान्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून आतापर्यंतचा वाचक लिहिता झाला. आम्ही ऑर्डर देताना जवळजवळ सगळे पैसे दिले, 'परदेशातून काच मागवायचीय' म्हणाले. अर्ध्या खिडक्या आल्या आणि तो धंदा बंद पडला. उरलेल्या खिडक्यांच्या जागी आठ महिने प्लॅस्टिक होतं. पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून जास्त छळलं ते असं की आलेल्या खिडक्यांचे सुटे भागही कुणाकडे मिळेनात, कारण प्रोफाइल कुठलं, गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) कुठलं, काही लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून ताई, पैसे टप्प्यांनी द्या. मापं घेऊन अंतिम ड्रॉइंगवर सही झाल्यावर एक हप्ता, माल तयार झाल्यावर कारखान्यात जाऊन डोळ्यांनी बघून दुसरा, बसवल्यावर तिसरा, आणि एक छोटा हिस्सा पाइपने पाणी मारून बघेपर्यंत राखून ठेवा. हार्डवेअर रोटो, माको, सिगेनिया, विंकहाउस अशा कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं असू दे. खिडकी करणारा बुडाला तरी बिजागरी दुसरीकडे मिळते.

तीनतेरा

+१. वजनाचंही बघा. १ मिमी जाड काचेचा एक चौरस मीटर २.५ किलो भरतो. मोठ्या झडपेत ६ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. एक बाय २.२ मीटरची झडप असेल तर नुसती काच ६६ किलो, लाकूड-धातू वेगळं. अ च्या तिहेरी काचेत हे आणखी वाढणार. बिजागरी किती किलोची ते विचारा, नाहीतर दोन वर्षांत झडप खांदा पाडून बसते.

टेस्ट रिपोर्ट मागताना तपासलेल्या नमुन्याचं माप बघा. हवा, पाणी, वारा यांचे युरोपीय वर्ग असतात. हवेला ४ हा सगळ्यांत वरचा. पाण्याला ९ए म्हणजे ६०० पास्कल दाबापर्यंत थेंब आत आला नाही. छोट्या खिडकीवर मिळवलेला ९ए तुमच्या दाराएवढ्या खिडकीला लागू होत नाही.

नवी_ओसरी

दहा दिवस गायब होते, कारण तुमचा गृहपाठ करत होते. तिघांकडून नमुने आणि जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते मागितले. निदान पाच वर्षं जुनं काम बघायचंय असं सांगितलं.

क ने नमुना दिला. रंधाकाका, तुम्ही जिंकलात. ॲल्युमिनियमची पूर्ण चौकट आणि आतून बोटभर जाडीची लाकडाची पट्टी. त्याला विचारलं की ही लाकडी खिडकी कशी, तर म्हणाला, 'मॅडम, आत लाकूड, बाहेर ॲल्युमिनियम, अजून काय पाहिजे?' खोटं बोलला नाही तो. पट्टीचं कामही सफाईदार होतं. फक्त मी मागितलेली वस्तू ती नव्हती. जुना पत्ता मात्र मिळाला नाही.

अ ने दिलेल्या पत्त्यावर गेलो. खिडक्या इतक्या सुंदर की नवरा दहा मिनिटं नुसता उघड-बंद करत होता. जाताना घरमालकीणबाई हळूच म्हणाल्या, 'त्या पायरीवरच्या खिडकीखाली बघा.' खाली गिलाव्याला ओलीचा पट्टा. तीन पावसाळे झाले, माल देणारा आणि बसवणारा एकमेकांकडे बोट दाखवताहेत. हुबेहूब गुण्यांनी लिहिलंय तसं.

ब च्या आठ वर्षं जुन्या कामात बाहेरून काहीच खोट दिसली नाही. पण न्हाणीघराच्या खिडकीत आतून, काचेला लागून खालच्या पट्टीवर काळपट डाग. घरमालक म्हणाले थंडीत काचेच्या कडेला पाणी धरतं, ते लाकडावर उतरतं. एकदा ब चा माणूस येऊन घासून लॅकर मारून गेला, पैसे घेतले नाहीत. परत थोडं आलंय.

आता मला कळेना की हे ब च्या बाजूने धरायचं की विरोधात.

तीनतेरा

काचेच्या कडेलाच ना, मध्यभागी नाही? मग हा स्पेसरचा प्रताप. दोन काचांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी असली की बाहेरचा गारठा तिच्यावरून आत येतो आणि कडेची दोन-चार बोटं जागा सगळ्यांत थंड होते. न्हाणीघरातली वाफ तिथेच बसते. वॉर्म एज स्पेसर (उष्णता कमी वाहून नेणारी पट्टी) असेल तर हे बरंच कमी होतं.

आणि एक गंमत बघा. मी वर ब चा १.४ काढून दाखवला तो ०.०८ धरून, म्हणजे ॲल्युमिनियमचा स्पेसर धरून. तो तंतोतंत जुळला. याचा अर्थ ब आजही तोच स्पेसर देतोय. वॉर्म एज धरून ०.०५ घातलं तर १.३ येतो. विचारा त्याला.

गुण्या

घरमालकाला न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन लावायलाही सांगा की. सगळं खिडकीवर ढकलू नका.

माझ्या मते हे ब च्या बाजूने आहे. आठ वर्षांनी माणूस येतो, घासून देतो, वरून स्वतःच तो पत्ता तुम्हाला देतो. डाग दिसणार हे माहीत असूनही.

साधी_खिडकी

हे मात्र मलाही पटलं. माझ्या साध्या खिडक्यावाल्याने फोन नंबर बदललाय.

नवी_ओसरी

विचारलं. ब च्या मालकांनी आधी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'आकडा कुणी काढला?' मी म्हटलं आमच्याकडे एक तीनतेरा आहेत. त्यांनी कबूल केलं की वॉर्म एज ते आता वापरतात, पण कोटेशनमध्ये ठरावीक म्हणून जुनाच स्पेसर टाकतात, कारण गिऱ्हाईक बेरीज बघतं. सगळ्या १९ खिडक्यांना वॉर्म एज लिहून घेतला. नवा कागद आला, यू-डब्ल्यू १.३. पश्चिमेच्या चार खिडक्यांना ऊन रोखणारी काच.

क्लिपा सरकत्या आहेत, अंगठ्याने रेटून बघितल्या. रंग कापून झाल्यावर मारतात. बसवणं, टेप, तळाचा पत्रा सगळं शब्दांत लिहिलंय, 'भिंत व चौकट यांमधील सांध्याची जबाबदारी आमची' ही ओळ माझ्या आग्रहाने घातली. त्यांनी एक अट घातली की ओली कामं संपल्याशिवाय खिडक्या आणणार नाहीत, उपचौकटी आधी देतील. ठेकेदार कुरकुरतोय, वेळापत्रक बिघडतं म्हणून.

अ ला नकार कळवताना वाईट वाटलं. त्यांच्याकडे बसवणारी माणसं असती तर कदाचित तिकडेच गेले असते.

ओक सोडला. स्टेनलेस हार्डवेअर आणि ओक मिळून फरक बराच येत होता. मेरांटी घेतेय. फक्त दिवाणखान्यातली एक न उघडणारी खिडकी ओकची, तिला बिजागरीच नाही. काका, चालेल ना?

रंधा

चालेल. स्क्रू मात्र तिलाही स्टेनलेसचेच.

बाहेरचा रंग कुठला?

नवी_ओसरी

कोळशासारखा गडद राखाडी म्हणत होते, पण तीनतेरांचे ५० अंश वाचल्यापासून धाकधूक आहे.

तीनतेरा

गडद रंग उन्हात ७० अंशांच्याही वर तापतो, तेव्हा ५० चा फरक कमीच धरलाय असं समजा. क्लिपा सरकत असतील तर खिडकीला काही होणार नाही. मोठ्या तीन खिडक्यांत पट्टीच्या टोकांना किती जागा सोडलीय तेवढं ड्रॉइंगवर बघून सही करा. आणि दुपारी 'टक्' ऐकू आलं तर घाबरू नका.

कडी_कोयंडा

दरवर्षी करायची कामं आत्ताच सांगून ठेवतो, नंतर कुणी सांगत नाही. बिजागऱ्यांना तेलाचा थेंब, ड्रेनची भोकं काडीने मोकळी, गॅस्केट पुसून घेणं, आणि बाहेरचा रंग साध्या साबणाच्या पाण्याने धुणं. 'मेंटेनन्स फ्री' हा शब्द कोटेशनमध्ये असेल तर खोडून टाका.

नवी_ओसरी

होता. खोडला.

उपचौकटींची मापं सोमवारी घेणार आहेत. ब चा माणूस आणि ठेकेदाराचा गवंडी दोघंही हजर राहणार, दोघांच्याही सह्या एकाच कागदावर. गुण्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक खिडकीचं माप तीन ठिकाणी रुंदीचं, तीन ठिकाणी उंचीचं आणि दोन्ही कर्ण.

गुण्या

कर्ण मी सांगितले नव्हते, पण बरोबर आहे. गवंड्याला सोमवारपर्यंत भोकांच्या कडांना हात लावू देऊ नका. माप झाल्यावर 'जरा सरळ करतो' म्हणून एक सेंटिमीटर जास्तीचा गिलावा मारायची त्या जमातीला फार हौस असते.

नवी_ओसरी

आजच मारलाय. दोन खिडक्यांना. बरं झालं, अजून मापं व्हायचीत.